हेमांगीचं ताट

“ड जीवनसत्त्व कमी आहे, थोडं उन्हात बसा,” असं ताटाने सांगितलं तेव्हा वसुधा हसली. काठाला बोटं टेकवली की शरीरात काय कमी आहे ते सांगणारी ही नवी ताटं दाखवायलाच रत्नाकरने या बहिणीला जेवायला बोलावलं होतं.

“वहिनी, आता तू बोटं टेकव.”

“तिला काय सांगणार? राग जास्त आहे, म्हणेल,” रत्नाकर म्हणाला.

सगळ्यांना वाढून हेमांगी शेवटी बसली, तोवर पालकाची भाजी संपली होती. तिने ताटाच्या काठाला बोटं लावली.

“लोह फार कमी आहे, बऱ्याच वर्षांपासून. थकवा, चिडचिड, उदासी त्यानेही येते.”

चारचौघांत तिच्या तापटपणाचे किस्से रत्नाकरनेच रंगवून सांगितले होते. त्याला मान वर करवेना.

हेमांगी ताटावर वाकली. “म्हणजे माझा स्वभाव असा नाही?” तिने ताटालाच हळूच विचारलं.