वटवट्या बघायला आलेली माणसं

सायबेरियातला एक इवलासा वटवट्या पक्षी वाट चुकून इंग्लंडात नॉरफोकच्या पाणथळीत उतरला आणि दुपारपर्यंत दुर्बीणवाल्यांची जत्रा लोटली.

"मागे व्हा! समुद्र ओलांडून आलाय तो. दोन किडे तरी खाऊ द्या त्याला," अभयारण्याची राखणदार हेस्टर ओरडत होती.

"बाई, बाजूला व्हा. फोटोत येताय," एकाने उलट तिलाच दटावलं.

तिने आडवा बांधलेला दोर ओलांडून सगळे लव्हाळ्यांत घुसले. दमलेला पक्षी बिचकून उघड्यावर उडाला आणि ससाण्याने त्याला वरच्या वर उचललं. कॅमेरे कडकडले. कुणीतरी चक्क टाळी वाजवली. मग मंडळी चहा प्यायला पांगली.

"यांच्यापेक्षा गिधाडं बरी," हेस्टर पुटपुटली.

तेवढ्यात एक म्हातारा धापा टाकत आला. काय घडलं ते कळताच तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. एवढ्या गर्दीत एक तरी माणूस निघाला, असं वाटून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं हो."

"नाहीतर काय! माझं बघून होईपर्यंत तरी त्या मेल्या ससाण्याने दम धरायचा!"