एक हजार पंच्याण्णव दिवस

१९९३ च्या वसंतात हाँगकाँगहून बहिणीचा फोन आला, तेव्हा मोक पुई-शानला कॅनडात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. आईला अर्धांगवायू झाला होता.

पुई-शान विधवा, मूलबाळ नाही. आईकडे जाणं तिलाच भाग होतं. पण चार वर्षांत हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. त्याआधी कॅनडाचं नागरिकत्व मिळालं नाही, तर सगळी धडपड पाण्यात. आणि त्यासाठी कॅनडात एक हजार पंच्याण्णव दिवस राहिल्याचं दिसायला हवं होतं.

ती राहत होती त्या व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडमध्ये तेव्हा यावर एक तोड होती. उघड कोणी बोलत नसे, पण माहजाँगच्या, चिनी सोंगट्यांच्या टेबलावर अशी बदली राहणाऱ्यांची नावं कळत. तिथेच पुई-शानला लान-जे सापडली. मूळची मकाऊची, हॉटेलात भांडी घासणारी. व्हिसा केव्हाच संपलेला, जवळ एकही कागद नाही.

"माझ्या घरात राहायचं," पुई-शान म्हणाली. "माझ्या नावानं वाचनालयात जायचं, डॉक्टरकडे जायचं, इंग्रजीच्या वर्गात बसायचं. माझं नाव कुठेतरी उमटत राहिलं पाहिजे."

"आणि चेहरा, बाई?"

"गोऱ्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो."

"तरी तुमच्याइतकं गोरं दिसायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल!" लान-जे हसली.

हाँगकाँगला पुई-शान जुन्या ओळखपत्रावर आत शिरली. तिथल्या रहिवाशांच्या पासपोर्टावर शिक्का पडत नसे. बहिणीच्या सतराव्या मजल्यावरच्या घरात ती आईची शुश्रूषा करू लागली. बँक नाही, दवाखाना नाही, सही कुठेच नाही.

"शेजारी विचारतायत, ही कोण म्हणून," बहीण म्हणाली.

"आईला सांभाळायला मकाऊची बाई ठेवलीय म्हण."

"नाव काय सांगू?"

"लान-जे सांग."

दर रविवारी सकाळी लान-जेचा फोन येई.

"बाई, काल तुमच्या दोन दाढा काढल्या."

"माझ्या?"

"मग कोणाच्या? कार्ड तुमचंच दाखवलं ना. आणि शेजारच्या सेटो काकू आता तुम्हाला लेक मानतात. काल सूप घेऊन आल्या होत्या."

पुई-शान हसायची. पण फोन ठेवला की तिची जीभ आपोआप दाढांवरून फिरायची.

तिसऱ्या वर्षी लान-जेच्या बोलण्यातलं 'तुम्ही' कमी होत गेलं. "मी वर्गात पहिली आले. मला थंडी सोसवायला लागलीय."

"मी म्हणजे कोण गं? तू की मी?"

"आता एवढा फरक कोण करत बसतंय, बाई?"

१९९६ मध्ये दिवस भरले. अर्ज लान-जेनंच भरला. सही तिनं घोटून घोटून बसवली होती. परीक्षेचं पत्र आलं की पुई-शाननं यायचं, असं ठरलं.

१९९७ च्या जानेवारीत आई गेली.

"पत्र आलं?"

"नाही अजून. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. आधीच तुमचं ब्लडप्रेशर चढलंय. खारे मासे खाता म्हणून डॉक्टर रागावतात."

"माझं प्रेशर ठणठणीत आहे!"

"कागदावर नाही."

मार्चमध्ये एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. पुई-शाननं स्वतः लावून पाहिला. घंटा नुसती वाजत राहिली. एप्रिलमध्ये ती विमानात बसली.

व्हँकुव्हरच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं तिचा कायम रहिवासाचा कागद घेतला आणि तिला एका खोलीत बसवलं. तासाभरानं तो कँटनीज बोलणाऱ्या दुभाषी बाईला घेऊन आला.

"हा कागद आता चालणार नाही," ती म्हणाली.

"का? माझे दिवस भरलेत."

"भरलेत. म्हणूनच. मोक पुई-शाननं फेब्रुवारीतच शपथ घेतली. ती नागरिक झाली."

पुई-शान मोठ्यानं हसली. इतक्या वर्षांनी पोटभर हसली. पत्र आलं होतं तर! बयेनं परीक्षासुद्धा देऊन टाकली!

"मग अडलंय कुठे? मीच ती. जाऊ द्या ना मला घरी."

अधिकाऱ्यानं मान खाली घातली. दुभाषी बाईनं खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुमचं खरं नाव काय?"

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तिला परत पाठवलं.

बहीण पुढे मुलाकडे सिडनीला गेली. पुई-शान त्याच सतराव्या मजल्यावर राहिली. शेजारी तिला अखेरपर्यंत लान-जेच म्हणत. रिचमंडच्या सेटो काकू खूप जगल्या. दर चिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, संत्री आणि उकडलेली कोंबडी घेऊन त्या टेकडीवरच्या दफनभूमीत जात आणि आपल्या मानलेल्या लेकीचा दगड पुसत. दगडावर लान-जेचा हसरा फोटो आहे, आणि खाली कोरलंय: मोक पुई-शान, कॅनडाची नागरिक, मृत्यू ९ मार्च १९९७.