पडद्यावरचा मुर्दा

"पाहा, पाहा! मुर्दा श्वास घेऊन राहिला!" नानाजी ओरडले आणि खोलीत हशा पिकला.

खरंच, प्रेताचं पोट हलत होतं. एरवी ही चूक मारोतरावांनी सगळ्यांच्या आधी धरली असती. कोराडीच्या वसाहतीत त्यांची तीच ख्याती होती. सोमवारची दवाखान्याची मालिका असो की गुरुवारची खुनाची, डॉक्टरनं नाडी भलत्याच जागी धरली, फौजदाराची टोपी तिरकी बसली, की मारोतराव लगेच सांगत. टीव्हीचे मालक नानाजी कौतुकानं मान डोलवत. आज मात्र मारोतराव गप्प होते. त्यांनी पोट पाहिलंच नव्हतं. फौजदारानं चादर बाजूला केली तेव्हा त्यांना चेहरा दिसला होता. जयवंताचा.

जयवंता त्यांचा एकुलता एक. वीज केंद्रात लावून दिलेली नोकरी सोडून, नाटकाच्या वेडापायी मुंबईला पळाला, त्या दिवशी मारोतरावांनी त्याच्या नावानं आंघोळ केली. "या घरात त्याचं नाव निघालं तं मी पानावरून उठीन," असं बायकोला बजावलं. जिजाबाईनं ते इतकी वर्षं पाळलं होतं.

त्यांनी चोरून तिच्याकडे पाहिलं. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे, पडद्याला नाक लावून बसली होती. हिंदी तिला धड समजत नसे, पण एकही भाग ती चुकवत नसे. लोक हसत तेव्हा ही डोळे पुसायची. मागे दवाखान्याच्या मालिकेत नायिका मेली आणि सारी खोली मुसमुसत असताना ही खुदकन हसली होती. थट्टेला बायकांना तेवढं पुरे होतं.

आत्ताही ती वळून म्हणाली, "हळू बोला ना जरा."

"काहून वं? मुर्दा उठून बसते का?" शेजारची तुळसाबाई म्हणाली. पुन्हा हशा.

"मारोतराव, तुमीच सांगा," नानाजी म्हणाले, "असं काम करते का कोणी? अशा नटाले तं हाकलून द्याले पायजे."

सगळे मारोतरावांकडे पाहत होते.

"पायजेच," ते म्हणाले.

दोघं घरी निघाले. रस्त्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर होता, पावलं वाजत नव्हती. तिला ओळखू आलं नसावं, असं त्यांना वाटलं, आणि बरंही वाटलं. पण कुलूप काही केल्या उघडेना. किल्ली ते उलटीच लावत होते. शेवटी ते तिथेच पायरीवर बसले.

"जिजा, तो मुर्दा... आपला जयवंता होता वं."

जिजाबाई शेजारी टेकली.

"मले ठाऊक आहे. कुठं ना कुठं दिसतेच तो. ती बाई मेली तेव्हा स्ट्रेचर त्यानंच उचललं. तुमी सारे तिच्याकडे पाहून राहिले होते. सोमवारी फरशी पुसत होता, डॉक्टरच्या मागं. लय वाळला आहे." तिनं पदर तोंडाला लावला. "आज घडीभर निजायले तरी भेटलं त्याले."