पांढरी खिडकी

पडद्यावर खिडकी उघडली. आत नुसतं पांढरं. एक नाव नाही, एक अक्षर नाही.

"अजून तसंच?" मंजुषाने हळूच विचारलं.

"काकू, एकादशीचा उपास तुमचा हाय की याचा?" आदेश म्हणाला आणि त्याने ती खिडकी पुन्हा बंद केली.

मंजुषा हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. नालवाडीच्या या केंद्रात सिकलसेलच्या लेकरांना महिन्यातून एकदा रक्त दिलं जाई. कोणाला कोणतं रक्त चालतं, मागच्या वेळी कोणाला थंडी वाजून आली, हे सगळं तीच कॉम्प्युटरमध्ये भरत असे. जुनं मशीन परवा बंद पडलं. माहिती तेवढी शाबूत राहिली. देणगीत आलेल्या एका म्हाताऱ्या मशीनमध्ये आदेशने ती उतरवलीही. पण ती डोळ्यांना दिसावी म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं, ते काही केल्या उघडेना. शिबिर उद्यावर आलेलं. बाराच्या आत रक्तपेढीला कळवलं नाही, तर गाडी थेट पुढच्या महिन्यात येणार. जाम गावच्या सीताबाईची मयुरी तोवर कशी काढेल, हा विचार मंजुषा मनात येऊ देत नव्हती.

आदेश बोरगाव मेघेचा. नागपुरात नोकरीला, आज केंद्रासाठी सुट्टी काढून आलेला. मशीनवर लिनक्स होतं आणि सॉफ्टवेअरही फुकट मिळणारं. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं, असं त्याने काल फोनवर सांगितलं तेव्हा मंजुषाला भरून आलं होतं. नाव-गाव माहीत नसलेल्या त्या लोकांच्या नावाने तिने सकाळच्या पूजेत एक फूल जास्तीचं वाहिलं होतं.

आदेशने मेहनत काही कमी केली नव्हती. आधी सॉफ्टवेअरला लागणारी एक फाइल सापडत नव्हती, ती त्याने शोधून आणली. मग मशीन परवानगी नाकारत होतं, ती मिळवली. पासवर्ड अडला, तो सोडवला. आणि सगळं सुटल्यावर ही पांढरी खिडकी. दोन मिनिटं वाट पाहायची, बंद करायचं, सगळं पुसायचं, पुन्हा इन्स्टॉल करायचं. पुन्हा पांढरं. केंद्राचे नत्थूजी दोनदा दारातून डोकावून गेले.

आदेशने आणखी एकदा सुरू केलं, आणि तेवढ्यात अकराची घंटा झाली.

केंद्राचा नेम होता. अकराला घंटा झाली की ज्याने त्याने हातातलं काम आहे तिथे ठेवायचं, फोन टोपलीत टाकायचे आणि अर्धा तास ओसरीत मौन बसायचं. मंजुषा या केंद्रात आल्यापासून तिचं हे मौन एकदाही चुकलं नव्हतं. अंगात ताप असतानाही ती भिंतीला टेकून बसली होती.

आज ती उठली नाही.

"मी नाही बसत आज," ती म्हणाली. "लेकरांपुढं कसलं व्रत घेऊन बसू? तू कर बापू, मी इथंच आहे."

आदेशने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. सकाळपासून तिच्या उपासाची थट्टा करणारा पोरगा एकदम गंभीर झाला.

"माह्यापायी तुमचं व्रत मोडलं असं आईले समजलं, तं ते मले घरात घेणार नाई. चला, मीही बसतो. तसंही मले आता काई सुचून नाई राह्यलं."

दोघं ओसरीत जाऊन बसली. रोज मौनात मंजुषाचा जप चाले. आज जपही येईना. देवाकडे काय मागायचं तेही सुचेना. शेजारी आदेशची बोटं गुडघ्यावर टकटक करत होती. हळूहळू तीही थांबली. हमरस्त्यावरून ट्रक जात राहिले.

घंटा झाली. दोघं आत आली.

पडद्यावर पांढरं नव्हतं. डावीकडे रकाना भरला होता आणि त्यातल्या एका ओळीवर केंद्राचं नाव होतं. आदेशने बसायच्या आधीच तिथे क्लिक केलं. लेकरांची नावं धडाधड खाली उतरली.

आदेशने मशीनने काय काय केलं त्याची नोंद उघडून वाचली. मग कपाळाला हात लावला.

"काकू, हे तं दर वेळेस चालूच होऊन राह्यलं होतं. पहिल्यांदा उघडताना ते आपलं घर मांडून घेते. मशीन म्हातारं, त्याले पाव तास लागला. अन् मी दोन मिनिटांत मांडलेलं मोडून टाकत होतो."

मंजुषाने पडद्याला हात जोडले, मग आदेशलाही. तो संकोचून टोपलीतले फोन आणायला गेला.

बाराच्या आत रक्तपेढीला सगळं कळवून झालं. मग तिने जामला फोन लावला.

"सीताबाई, उद्या मयुरीला घेऊन येजो. सकाळच्याच गाडीने."

पलीकडून लगेच उत्तर आलं. "बरं झालं बाई, फोन आला तुमचा. आता दोन घास जातीन पोटात."

मंजुषाने पदराने डोळे टिपले आणि पुढचा नंबर लावला.

नत्थूजी तिसऱ्यांदा दारात आले. फोनवरचं बोलणं कानावर पडलं, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"झालं वाटते. काय केलं रे बापू शेवटी?"

"काईच नाई केलं, काकाजी," आदेश म्हणाला. "सकाळपासून तेवढंच करायचं राह्यलं होतं."