तीव्र विचारम्

कामगारांच्या एकजुटीच्या आड कुठलीही भाषा येऊ शकत नाही, असं संपाचे पुढारी केशवराव गुरुजी सकाळी माइकवर म्हणाले होते. दुपारपर्यंत एक आडवी आली.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात पंधरवडाभर बसलेले लोक माना उंच करून दाराकडे पाहत होते. आतली बोलणी संपली होती. संप सार्वत्रिक होता, म्हणजे राज्यातले झाडूवाले, दवाखान्यातल्या आया, पंपवाले आणि वसतिगृहांतल्या स्वयंपाकिणी, असे सगळे रोजंदारीवाले त्यात होते. स्वयंपाकिणींनी वसतिगृहातला स्वयंपाक बंद केला होता आणि आवारात तेवढ्याच मोठ्या पातेल्यांत संपकऱ्यांसाठी सुरू केला होता. संप सुरू आहे याची त्यांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागे.

सुवर्णा त्यांच्यातलीच. संपाची हाक आली तेव्हा पहिला झारा तिनं खाली ठेवला, म्हणून तिला कामावरून काढलं. मागोमाग सगळ्याच जणींनी ठेवले. पण सगळ्यांना काढलं तर पुढं पोरांना जेवू कोण घालणार, एवढा हिशेब सरकारलाही येतो. कामासोबत वसतिगृहामागची खोली होती. खोलीत ती आणि तिच्या दोन मुली राहत. तीही सोडायला सांगितली होती.

मागण्या चार होत्या. सुवर्णाला परत घ्या, ही चौथी. चौथी मागणी सगळ्यात आधी गळते, हे संपात मुरलेल्या माणसांना ठाऊक असतं. म्हणून बायांनी ठरवलं होतं की सुवर्णा म्हणेल तेव्हाच उठायचं. गुरुजींनीही तिला सांगितलं होतं, तुला घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही. ते खरोखरच उठले नाहीत. आत चहा झाला, जेवण झालं, मग पुन्हा चहा झाला.

मग मंत्री व्हरांड्यात आले. पहिल्या तीन मागण्यांसाठी त्यांनी तीन समित्या दिल्या. चौथीपाशी ते थांबले. सुवर्णाचं नाव त्यांनी नीट उच्चारलं, आवाज खाली आणला आणि शुद्ध, पुस्तकी तेलुगूत म्हणाले, "प्रभुत्वम् तीव्र विचारम् व्यक्तं चेस्तुन्नदि."

शेवटचा शब्द सोडला तर वाक्य जवळजवळ मराठीच होतं. प्रभुत्वम् म्हणजे सरकार, हे कचेऱ्यांच्या पाट्यांवरून शेंबड्या पोरालाही कळतं. बाकी उरलं तीव्र, विचार आणि व्यक्त. सरकार नुसता विचार करत नव्हतं, तीव्र करत होतं. आवारातल्या मराठी अर्ध्यानं टाळ्यांचा कडकडाट केला. दवाखान्यातल्या दौलतनं शिट्टी मारली. टीव्हीवाल्यांनी कॅमेरे इकडे वळवले.

तेलुगू अर्धा गप्प होता. सुवर्णाच्या शेजारी बसलेल्या पोशव्वानं तिच्या पाठीवरून हळूच हात फिरवला. सुवर्णाला वाटलं, हिला आपल्यापेक्षा जास्त आनंद झाला. पोशव्वाला वाटलं, मराठी लोक एवढ्या टाळ्या वाजवतायत, म्हणजे आत यांना काहीतरी वेगळं मिळालेलं दिसतं. दोघीही एकमेकींकडे पाहून हसल्या.

तरी त्या अर्ध्याचं गप्प राहणं सुवर्णाला खुपलं. गुरुजी पायऱ्या उतरून आले तशी ती त्यांना आडवी गेली.

"गुरुजी, ते लोकं काऊन गप आहेत? विचारम् म्हंजे आपला विचारच ना?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"विचारच व्हय," ते म्हणाले. "दुसरं काय असते? सांग बायांले."

सुवर्णा वळली आणि उठा म्हणाली. बाया उठल्या. त्या उठल्या म्हणून झाडूवाले उठले, मग पंपवाले. पातेली घासून झाली. संप संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वसतिगृहात गेली. चुलीपाशी दुसरी बाई होती. झारा तिच्या हातात होता. वॉर्डन भार्गव आपल्यातलाच, मराठी. त्यानं आवाज चढवला नाही. तिला बाजूला घेऊन तो म्हणाला, "काल मंत्री सारांनी तुमच्याबद्दल विचारम् व्यक्त केलं ना? खेद म्हणते त्याले. मयतीच्या घरी कळवतेत तसा. खेद कळवल्यावर मानूस परत घेत नसतेत, बाई." मग त्याला राहवलं नाही. "आन् तुमी टाळ्याबी वाजवल्या. टीव्हीवर पाह्यलं आमी." खोली कधी रिकामी करता, हे त्यानं जाताना विचारलं.

ती तशीच गुरुजींच्या घरी गेली. दारात सरकारी गाडी उभी होती. गुरुजींची कामगार सल्लागार मंडळावर नेमणूक रात्रीच जाहीर झाली होती आणि पहिली बैठक हैदराबादला होती. प्रयागबाई नवऱ्याच्या हातात डबा देत होत्या. सुवर्णाचा चेहरा पाहिला आणि त्या आत गेल्या.

ती काही बोलायच्या आतच गुरुजींनी चष्मा काढला.

"भाषेची अडचन झाली, पोरी," ते म्हणाले. "मलेबी तसंच ऐकू आलं."

गाडी निघाली. सुवर्णा रस्त्याच्या कडेला झाली.

केशवराव गुरुजी शाळेत तेलुगू शिकवायचे. सुवर्णाला नववीत काठावर पास त्यांनीच केलं होतं.