सतरा पोरी

दादाभाऊंनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा सतराच भरल्या.

"मॅडम, चार पोरी कमी हायेत," पिकअपच्या फळीवर हात ठेवून ते म्हणाले. "खो-खोच्या सरांची यादी नवाची, तुमची जादा तासाची बाराची. एकवीस पायजेत. आन् ह्या पुढं बसलेल्या अक्षदाला धरून सतराच हायेत."

वृषाली मॅडम घाबरल्याच. पंधरा दिवसांमागं भर दुपारी बिबट्यानं भागूच्या गोठ्यातलं वासरू उचललं, तेव्हापासून शाळा सुटल्यावर मळ्यातली एकही पोर पायी घरी जायची नाही, असं गावानं ठरवलं होतं. सकाळी टोमॅटोचे क्रेट नेणारी दादाभाऊंची पिकअप संध्याकाळी पोरी पोचवायची. खो-खोचे सर आज दुपारीच यादी हातात देऊन जुन्नरला गेले होते. म्हणजे पोरी मोजून घरी सोडायचं काम एकट्या मॅडमचं.

आणि मग त्यांना सकाळचा नववीचा तास आठवला. फळ्यावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. एकात खो-खो, दुसऱ्यात जादा तास. "दोन्हींत कोण कोण आहे गं?" असं विचारल्यावर चार हात वर आले होते. गणिताच्या माणसाला घाबरल्या वेळी सूत्र आठवलं, की देव भेटल्यासारखं होतं. मॅडमनी गाडीच्या धुळकट काचेवर बोटानं तीच दोन वर्तुळं काढली.

"हे बघा दादाभाऊ, चौघी दोन्ही याद्यांत आहेत. हा मधला भाग, छेद संच. त्यांना तुम्ही दोनदा धरलंत. एकविसातून चार काढा."

दादाभाऊंनी काचेकडं बघितलं, मग पोरींकडं. "सतरा! बराबर हाय की राव. आमी आपली क्रेट मोजणारी माणसं."

मॅडम हसल्या. खरं सांगायचं तर जरा जास्तच खूश झाल्या. इतक्या की हातातल्या यादीवरून नावं पुकारायची, हे डोक्यातच आलं नाही. गाडी निघाली.

दिवस कलला होता. रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जाणारा, अरुंद. मागं पोरींची कलकल चालली होती, पण फळीबाहेर हात कुणी काढत नव्हतं. अक्षदा सुजलेला गुडघा धरून मॅडमशेजारी बसली होती.

"आज खेळताना पडलीस का?"

"न्हाई मॅडम. गेल्या सोमवारीच पडले. तवापासून खो-खो बंदच हाय. सरांनी यादीतनं नावपण काढलं."

मॅडम तिच्याकडं वळल्या. "मग सकाळी हात कशाला वर केलास?"

"सगळ्या मैत्रिणींनी केला, म्हणून मीपण केला," अक्षदा ओशाळून म्हणाली.

चार नाही, तीन. एकविसातून तीन. अठरा. "दादाभाऊ, थांबवा! गाडी थांबवा!"

मागं जाऊन त्यांनी एकेक नाव पुकारलं. समृद्धीचं नाव आलं आणि कुणीच 'हजर' म्हणालं नाही.

"ती बाटली भराया गेलती," एकजण रडवेली होऊन म्हणाली. "आमाला वाटलं पुढं बसली आसंल."

गाडी वळवायला जागा नव्हती. दादाभाऊंनी ती तशीच मागं घ्यायला सुरुवात केली, एक हात सारखा हॉर्नवर. उसात जरा कुठं खसफसलं, की मॅडम तिकडं वळून बघायच्या. त्यांना भीती वाटत होती, साधी, उघडीनागडी भीती. पोरीची आई झुंबरबाई मळ्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभी असेल. तिला काय सांगायचं? सूत्र बरोबर होतं म्हणून?

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. शिपाईही निघून गेलेला. म्हणजे पोर पायीच निघाली, आणि डांबरी रस्त्यानं तर भेटली नाही. उरली ती कालव्याकडची पाऊलवाट. त्या अंगाला आजच ऊसतोड झाली होती, आणि ऊस तुटला की बिबट्या उघड्यावर येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. "अगं समृद्धीऽऽ!" मॅडम ओरडल्या. दादाभाऊ गाडी कच्च्या वाटेला घालून हॉर्न बडवतच राहिले.

"मॅडम!"

आवाज वरून आला. उसानं निम्मी भरलेली एक ट्रॉली वाटेकडेला सोडलेली होती. तिच्या माथ्यावर, पाय पोटाशी घेऊन, समृद्धी बसली होती.

मॅडम धावल्या. दादाभाऊंनी तिला खाली उतरवून घेतलं. मॅडमनी तिचे हात चाचपले, पाय चाचपले, तोंड चाचपलं. उसाच्या पात्यांनी दोन ओरखडे काढले होते, बाकी काही नाही.

"तिकडं बांधावर बसला व्हता," समृद्धीनं बोट दाखवलं. "लई येळ. माझ्याकडंच बघत व्हता. हॉर्न वाजाया लागला तसा उठून गेला."

दादाभाऊंनी बांधाकडं बघितलं. मॅडमनी पोरीला घट्ट धरलं.

"घाबरलीस ना गं बाळा?"

"पयल्यांदा लई घाबरले," समृद्धी म्हणाली. "मग म्हटलं, मॅडम गणिताच्या हायेत. पोरी मोजत्यालच, एक कमी भरली की माघारी येत्यालच."