लक्ष्मीकांतचा गुरुवार

दारात बूट काढता काढताच साहेबाने, म्हणजे ओत्ताव्हिओ-सानने, झाकणाचं भलंमोठं पातेलं लक्ष्मीकांतच्या हातात दिलं आणि इंग्रजीत जाहीर केलं, "तू म्हणालास ना, घरी वाम नसते? घे, मीच करून आणली!"

ऑफिसच्या लिफ्टमध्ये लक्ष्मीकांतने त्याला दोनदा बजावलं होतं, की घरी वामच काय, कुठलाच मासा खात नाहीत, तेव्हा वामेचं नावही काढू नका. नापोलीच्या या भल्या इटालियन गृहस्थाने त्यातलं नेमकं अर्धंच ऐकलं होतं.

"वाम कुठून आली मध्येच?" ज्ञानदा, त्याची बायको, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ऑफिसात काय गं, काहीही विषय निघतात," म्हणत तो पातेलं बाल्कनीत ठेवायला निघाला. तिने ते काढून घेऊन सरळ टेबलावर ठेवलं. पाहुण्याने आणलेलं असं बाहेर ठेवतात का?

जपानातल्या फुनाबोरी वस्तीतल्या मराठी मंडळींत लक्ष्मीकांतइतका सोवळा माणूस नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसंच म्हणणं होतं. दर गुरुवारी कडकडीत उपवास. कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, प्रत्येक पाकिटावर मोबाइल धरून तो माशाचा अर्क शोधायचा. ज्ञानदाने एकदा चुकून तसलं सूप आणलं, तर "आमच्यात हे चालत नाही" यावर प्रवचन झालं, आणि पाकीट जाळायच्या कचऱ्यात गेलं.

आणि हाच सोवळा माणूस दर गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा साहेबाच्या हवाली करायचा, ऑफिसमागच्या दुकानात जाऊन भातावरची भाजलेली वाम हाणायचा आणि परतताना गाडीत वेलदोडा चघळायचा. घरी आला की चेहरा असा सुकलेला, की ज्ञानदा आधी लिंबूपाणी पुढे करायची.

ज्ञानदा वेंगुर्ल्याची. लग्नाआधी माशाशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. लग्न ठरतानाच लक्ष्मीकांतने अट घातली, तिने ती मान्य केली आणि पाळली. पुढे नशिबाने आणून टाकलं ते जपानात! सुपरमार्केटात मासळीचा भाग आला की ती मान वळवून चालायची. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण नवरा एवढा निग्रहाने राहतो, मग आपणच कशी जीभ सैल सोडायची, असं म्हणून ती गप्प बसे. त्याच्या गुरुवारचं बिंग फुटलं असतं तर लक्ष्मीकांतला त्या घरात तोंड वर करून बोलायची सोय उरली नसती.

आज नाताळच्या आदली संध्याकाळ, त्यात गुरुवार. "आज आमच्याकडे मांस खात नाहीत, आजीचा दंडकच होता," असं ओत्ताव्हिओ-सानने फोनवर सांगितलं होतं. "अगंबाई, म्हणजे त्यांचाही उपवास!" म्हणत ज्ञानदाने लगेच साबुदाणा भिजत घातला होता. आता टेबलावर खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि शिंगाड्याचा शिरा असा उपवास मांडला होता.

पाहुण्याने पातेल्याचं झाकण काढलं. टोमॅटोच्या रश्शात वामेचे जाडजूड तुकडे, तिसऱ्या, माकूल आणि आणखी कसले कसले मासे.

"हा उपवास?" ज्ञानदाने डोळे विस्फारले.

"एकदम कडक!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मांसाचा कण नाही."

ज्ञानदाने त्याच्या पातेल्याकडे पाहिलं, मग आपल्या भांड्यांच्या रांगेकडे, आणि तिला हसू आवरेना. देवाला फसवण्यात कुणीच कुणाला हार जाणारं नव्हतं.

मग दोघांची गट्टी जमली आणि गप्पा जपानीत सुरू झाल्या. ती पाळणाघरात अर्धवेळ नोकरी करायची, जपानी फाडफाड बोलायची. लक्ष्मीकांतची गाडी इतक्या वर्षांत 'आरिगातो'च्या पुढे गेली नव्हती. साहेबाची आजी जिवंत वाम आणून न्हाणीघरातल्या टबात कशी सोडायची, हे चाललं होतं म्हणे. लक्ष्मीकांत आपला माना डोलावत होता.

मध्येच 'मोकुयोबी' ऐकू आलं. गुरुवार! कचऱ्याच्या पाळ्यांमुळे वारांची नावं तेवढी त्याला पाठ होती. पाठोपाठ आलं 'उनागी'. वाम! हा शब्द तर तो झोपेतही ओळखला असता.

"ओत्ताव्हिओ-सान, शिरा घ्या ना, शिरा!" तो जवळजवळ ओरडलाच.

ओत्ताव्हिओ-सानला थांबवणं आता देवाच्याही हातात नव्हतं. त्याने खिचडीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग पातेल्याकडे, मग लक्ष्मीकांतकडे, आणि शेवटी मिटक्या मारून दाखवल्या. ज्ञानदाचं हसू मावळलं.

"काय म्हणतायत?" लक्ष्मीकांतने विचारलं.

"तुझं कौतुक करतायत. दर गुरुवारी स्वतःचा डबा त्यांना देतोस म्हणे."

"अगं, ते... त्यांना आवडते ना खिचडी, म्हणून..."

"आणि स्वतः काय खातोस, तेही सांगितलं."

ओत्ताव्हिओ-सान दोघांकडे प्रेमाने बघत होता. एका चांगल्या नवऱ्याची तारीफ केल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

ज्ञानदाचे डोळे भरून आले. मनगटाने ते पुसून तिने पातेलं पुढे ओढलं. सगळ्यात मोठा तुकडा निवडून ताटात घेतला, वरून रस्सा घेतला. वेंगुर्ल्याच्या सवयीने काटा अलगद बाजूला केला आणि पहिला घास तोंडात घालून डोळे मिटले.

"ज्ञानदा! अगं, काय करतेस? आज गुरुवार आहे!"

तिने घास सावकाश संपवला. खिचडीचं भांडं उचलून त्याच्यासमोर ठेवलं.

"ही तू संपव. आजपासून गुरुवार मी धरते."